बोळातला डबा आणि चौऱ्याऐंशी पाहुणे

आमच्या नव्या घराच्या भिंतींत दोन डबे रिकामे राहिले होते, आणि रिकामा डबा मला बघवत नाही. पुढे जे झालं ते एवढ्याच कारणानं झालं.

डबे म्हणजे डाळ-तांदळाचे नव्हेत. प्लग बसवण्याआधी वायरमन भिंतीत एक लोखंडी चौकोनी पेटी पुरतो ना, ते डबे. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत नागभीडजवळच्या आमच्या गावात आम्ही विटांचं घर बांधलं, आणि त्याच्या वायरिंगचा नकाशा मी स्वतः, पट्टी-पेन्सिल घेऊन, इंचांसकट काढला. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, नागभीडला मुलींना इंग्रजी शिकवणारी. बिचारा वायरमन मला उलट काय विचारणार? नकाशात मी बोळात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक प्लग दाखवला होता, टेबलफॅनसाठी. बोळ म्हणजे पुढच्या दारातून आत येण्याची साडेतीन फुटांची वाट. तिथं पंखा लावून बसणार कोण, हे मला सिमेंट वाळल्यावर सुचलं! दुसरा डबा स्वयंपाकघरात, मिक्सरसाठी. (मिक्सर त्यानंतर सहा वर्षांनी आला.)

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीनं, आठवडाभरात दोन्ही डब्यांचा उपयोग शोधला. बोळातल्या डब्यात त्यांची तंबाखूची पुडी, स्वयंपाकघरातल्या डब्यात लसूण.

"आई, तो इलेक्ट्रिकचा डबा आहे," मी म्हटलं.

"मंग? लसनाले शॉक लागते का?"

डब्यांचा खरा उपयोग तुमच्या आजोबांमुळे सापडला.

आजोबांचं नागभीडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हातात जादू होती त्यांच्या, पण इंग्रजी येत नव्हतं. ते नागपूरहून जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून इलेक्ट्रॉनिक्सची इंग्रजी मासिकं किलोवर आणायचे आणि त्यातली चित्रं तासन्‌तास बघत बसायचे. एका रविवारी त्यांनी असंच एक मासिक माझ्यापुढे धरलं. "मॅडम, हे काय लिवून हाये, वाचून सांग बरं."

लिहिलं होतं ते असं: दारात एक बारीक दिवा लावायचा. समोरच्या भिंतीत उजेड ओळखणारा मसुराएवढा तुकडा बसवायचा. माणूस मधून गेला की उजेड तुटतो, आणि भिंतीवरचा लाल दिव्यांचा आकडा एकानं वाढतो. म्हणजे घरात किती माणसं आली, ते भिंतच सांगणार!

मी डोळे मिटले आणि मला तो आकडा दिसला. एक बोळातल्या डब्यात, आणि तोच वायरीनं स्वयंपाकघरातल्या डब्यात. चुलीपासून न उठता कळणार, किती ताटं वाढायची! मुलांनो, एखादीला दागिन्यांच्या दुकानात जसं होत असेल तसं मला झालं.

चार महिने आम्ही ते यंत्र बनवत होतो. मी वाचायची, ते डाग द्यायचे. म्हणजे सोल्डरिंग करायचे. यंत्रात सोळा बारीक पायांची एक काळी चिप होती. मी शुद्ध उच्चारात वाचलं की तिचा पहिला पाय खाचेच्या डावीकडे असतो. त्यांनी डावीकडच्या पहिल्या पायाला डाग दिला. असे सोळाच्या सोळा पाय जोडून झाल्यावर मी पुढची ओळ वाचली: वरील वर्णन वरून पाहताना लागू आहे. आजोबा चिप बसवलेली पट्टी उलटी धरून खालून डाग देत होते!

"मॅडम, ही ओळ आधी वाचता येत नव्हती का?"

"ती नंतर छापली आहे, तर मी आधी कशी वाचू?"

त्या आठवड्यात आम्ही दोघं फक्त यंत्राच्या कामापुरतं बोललो.

डबा तीन इंचांचा आणि सामान मूठभर. आजोबांनी आत तीन मजले बांधले. प्लगच्या झाकणाला कानशीनं घासून खिडकी पाडली, तिच्यामागे मिठाईच्या खोक्यावरचा लाल पारदर्शक कागद लावला. मसुराच्या तुकड्यावर बाहेरचं ऊन पडू नये म्हणून तो बांबूच्या पोकळ कांड्यात बसवला. (हे मासिकात नव्हतं. ही तुमच्या आजोबांची स्वतःची अक्कल! मासिकवाल्यांना कळवायचं म्हणून मी इंग्रजीत पत्रही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.) विजेचा जड भाग कुठेच मावेना, तो तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर ठेवला. आणि एका सकाळी बटण दाबलं, तर दोन्ही भिंतींवर लालभडक शून्य-शून्य! बाजारातून आणलेलं नाही, आमच्या हातचं. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजूनही माझी मान ताठ होते.

आता मी काटेकोर बाई. नुसतं लागलं म्हणून कसं चालेल? तपासणी झालीच पाहिजे. मी मागच्या दारानं बाहेर जाऊन बोळातून पन्नास वेळा आत आले. आकडा पन्नास. मग आजोबा एकोणपन्नास वेळा आले. नव्व्याण्णव. पुढच्या फेरीला पुन्हा शून्य-शून्य, कारण जागाच दोन आकड्यांची. एकही चूक नाही! मी वहीत लिहिलं: 'तपासणी पूर्ण. निकाल शंभर टक्के.' तपासणीच्या वेळी मी गोल साडी नेसले होते आणि आजोबा रविवार म्हणून लुंगीवर होते, हेसुद्धा लिहायला हवं होतं. पण ते तेव्हा कोणाला महत्त्वाचं वाटणार?

सासूबाई हे सगळं खाटेवरून बघत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण दोन दिवसांत त्यांनी इंग्रजी आकडे आपल्या पद्धतीनं पाठ केले. चार म्हणजे उलटी खुर्ची, सात म्हणजे विळा, आठ म्हणजे चष्मा.

"दिसाले तं साजरं हाये," त्या म्हणाल्या, "पन याचं काम काय?"

"आई, मंडईच्या दिवशी बघा."

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुपारी मोठा बाजार, रात्री नाटक, आणि त्या एका दिवशी घरोघर पाहुणे. बोलावलेले, न बोलावलेले, आणि बोलावलेल्यांनी सोबत आणलेले. किती येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. कोणी उपाशी गेलं तर वर्षभर बोलणी. आणि भात उरला तर त्याहून वाईट, कारण मग गावात म्हणतात, यांच्या घरी कोणी आलंच नाही वाटते! इतकी वर्षं सासूबाई हे सगळं नुसत्या नजरेनं सांभाळत होत्या. त्या वर्षी मी म्हटलं की मंडईचं जेवण मी करते, डब्याच्या भरवशावर.

सासूबाईंनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि शर्त घातली. "कर बाप्पा. पन एक बी मानूस उपाशी गेला, नाई तं भात उरला, तं हे दोन्ही डबे भाईर. मी लसूनच ठेवीन त्याच्यात. आन् मंडईची चूल परत माह्या हाती."

"आणि बरोबर झालं तर?"

"मंग डबा बी तुह्या, चूल बी तुही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांचं काम शर्तीवर लागलं होतं. मी म्हटलं, "मान्य."

मंडईच्या दिवशी मी सगळी व्यवस्था केली. पुढच्या दारावर पाटी: 'आत येण्यासाठी.' मागच्या दारावर पाटी: 'बाहेर जाण्यासाठी व पुन्हा येण्यासाठी.' म्हणजे कोणीही बोळातून एकदाच जाईल. चुलीपाशी तक्ता: दर माणशी तांदूळ इतके, लाखोरीची डाळ इतकी, वांगी इतकी. दर दहा माणसांमागे नवा गंज. (गंज म्हणजे आपलं मोठं उभं पातेलं.) सकाळी शून्य-शून्य केलं आणि पदर खोचला.

पहिले आले गोंडपिपरीचे मामाजी, आजोबांचे मामा. धोतर, काळा कोट, आवाज लाउडस्पीकरचा. पाटी वाचून ते तिथूनच ओरडले, "सूनबाई! तंबाखू थुकाले बी मांगूनच जाऊ का जी?"

"मागूनच जा मामाजी. आणि येतानाही मागूनच!"

"असं हाये का! घर हाये का टॉकीज?"

पण ऐकलं त्यांनी. सगळ्यांनीच ऐकलं, कारण आलेल्या निम्म्या मुलींना मी शाळेत शिकवत होते आणि निम्म्या बापांना माझ्या सह्या लागत होत्या.

अकरा वाजता भिंतीवर चोवीस. मी तिसरा गंज चढवला. बारा वाजता एक्केचाळीस. मी ढोलीतून, म्हणजे धान्याच्या कणगीतून, आणखी तांदूळ काढायला लावले. साडेबाराला अठ्ठावन्न! शेजारच्या वच्छलाबाई मदतीला आल्या होत्या, त्या भाजी हलवता हलवता म्हणाल्या, "बाई, एवढा कल्ला तं भाईर आयकू येत नाई जी."

"शिस्तीत बसले असतील."

"मंडईले? शिस्तीत?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. एकोणसत्तर. आकडा समोर असताना उठून डोकी मोजायला जाणं म्हणजे आपल्याच डब्यावर अविश्वास! मी वच्छलाबाईंच्या घरून त्यांचा लग्नातला गंज आणवला. एकदा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, चुलीवरचे गंज बघितले, भिंत बघितली.

"काय व, गावजेवन हाये का?"

"आई, शहात्तर झाले."

"मले तं एवढे दिसून नाई राह्यले."

"आई, डोळ्यांची चूक होऊ शकते."

(हे वाक्य मी सासूबाईंना बोलले. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.)

अडीच वाजता आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. चष्मा आणि खुर्ची. मी तक्त्याप्रमाणे बरोबर चौऱ्याऐंशी माणसांचा स्वयंपाक करून, घाम पुसून, आजोबांना म्हटलं, "पंगत बसवा."

पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. तिच्यात शेवटी जागा उरल्या. ती उठली. मामाजींनी ढेकर दिली. मी वाढण्याचा पळा घेऊन तिसऱ्या पंगतीची वाट बघत उभी राहिले. कोणी येईना.

"अहो, बाकीचे कुठे आहेत?"

"कोन बाकीचे?" आजोबा म्हणाले.

"सत्तेचाळीस जेवले. अजून सदतीस माणसं आहेत घरात!"

आता माझ्यावरच्या विश्वासापायी तुमचे आजोबा काय करतील? त्यांनी प्रत्येक खोलीत जाऊन बघितलं. माळ्यावर बघितलं. एकदा खाटेखालीही वाकून बघितलं! "मॅडम," ते घामाघूम होऊन आले, "सदतीस मानसं इथी कुठीच नाई."

मी चुलीकडे वळून बघितलं. चार गंज भात, वाफाळलेला, शुभ्र, काठोकाठ. शर्त गेली, डबे गेले, आणि गावात बोलणी ती वेगळीच.

तेवढ्यात सासूबाई पुढच्या अंगणातून वळसा घालून मागच्या दारानं आल्या. शांतपणे म्हणाल्या, "सत्तेचाळीसच हायेत. मी चपला मोजल्या. एका मानसाले दोन चपला. तुमचा डबा पाय मोजून राह्यला व, मानसं नाई!"

आजोबांनी मामाजींना हाताला धरून मागून बाहेर नेलं. "मामा, पुढून या बरं एक डाव."

मामाजी धोतर सावरत ऐटीत आत आले. उजवा पाय, पंच्याऐंशी. डावा पाय, शहाऐंशी.

मी आले, गोल साडीत. सत्त्याऐंशी. एकच.

सासूबाई काष्ट्याच्या लुगड्यात आल्या. टक्, टक्. एकोणनव्वद!

गुडघ्याच्या उंचीवर तो दिवा. गोल साडीत आणि लुंगीत दोन्ही पाय झाकलेले, म्हणून एक. धोतर, पँट, हाफपँट, काष्टा, सगळे दोन! तपासणी करणारे आम्ही दोघंच, आणि घरात दोघांचेच पाय झाकलेले. मी मनात हिशेब केला: दहा गोल साड्या आणि सदतीस बाकीचे. चौऱ्याऐंशी. गणित अगदी चोख जमलं. मला त्याही अवस्थेत त्याचं समाधान वाटलं, काय सांगू!

"मानूस दोन पायानं चालते," मामाजी गंभीरपणे म्हणाले, "हे मासिकवाल्याईले म्हाईत नसन."

सगळे हसले. मी सोडून. मी सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही जिंकलात. उद्या डबे काढते."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग भाताकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "शर्तीचं मंग पाहू. माह्या घरचा भात मंडईच्या दिवशी उरन? कोन म्हनन का चार मानसं आले नाईत म्हनून!" आणि पदर कमरेला बांधून ती सत्तरीची बाई मागच्या दारानं तरातरा रस्त्यावर गेली.

काय आवाज होता! बाजार उठत आला होता. सकाळपासून उन्हात बसलेल्या बांगड्यावाल्या, फुगेवाला, विळे-पावशी विकणारे, नाटकाच्या मंडपाचे बांबू बांधणारी माणसं. मंडपवाले तर आजोबांच्या ओळखीचे, कारण नाटकाचे भोंगे आमच्याच दुकानातले. परगावची माणसं, दिवसभर चण्यांवर काढलेली. "चाला जेवाले! जेवल्याशिवाय जाचं नाई! काय रे बाप्पा, लाजतं काऊन?"

ते बिचारे संकोचानं मागच्या दाराकडे निघाले, तर त्यांच्यावरच ओरडल्या, "मांगून नाई! पुढून या! डब्यासमोरून या!"

मग बोळात जी रांग लागली! सासूबाई डब्याशेजारी पाटावर बसून आकडा वाचू लागल्या. मंडपवाला आला की "दोन वाढले!" बांगड्यावाली आली की "हे एकच, गोल साडीवाली!" नव्व्याण्णवच्या पुढे गेलं आणि भिंतीवर शून्य-शून्य झालं, तशा त्या किंचाळल्या, "अवो, सारे खाल्ले यानं!" मी धावत जाऊन सांगितलं की शंभर भरले, आता नव्यानं सुरू. "अस्सं! शंभर पोटात ठेवले म्हना की!" त्यांना ते फार आवडलं.

तिसरी पंगत बसली. मंडपाचे बांबू बांधणारा माणूस भात कसा खातो, हे एकदा बघायला हवं. शेवटच्या गंजाचा तळ मी पळ्यानं खरवडून शेवटच्या माणसाच्या पानात वाढला, त्यानं पोटावरून हात फिरवला, आणि मी पानं मोजली. सदतीस! एक कमी नाही, एक जास्त नाही. चौऱ्याऐंशी माणसांचा स्वयंपाक, चौऱ्याऐंशी माणसं जेवून उठली. डबा चुकला नव्हता, थोडा आधी बोलला होता एवढंच!

सासूबाईंनी रिकामा गंज वाकवून आत बघितलं. "एक बी उपाशी नाई. एक शीत बी उरलं नाई." मग तंबाखू मळत, माझ्याकडे न बघता, "डबा बी तुह्या, चूल बी तुही."

आजोबा त्या क्षणी इतके फुलले होते की मला वाटलं, आता हे भोंग्यावरून जाहीर करतात. पुढे त्या डब्याची कीर्ती अशी पसरली की आसपासच्या चार गावांतून त्यांना तसले डबे बनवायची ऑर्डर आली. प्रत्येकाचं वाचन माझं आणि डाग त्यांचे, आणि कोणी विचारलं की ते आधी माझं नाव सांगत. नऊ वर्षं आमच्या भिंतीवर ते लाल आकडे जळत होते. एकदाही बिघडले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी आजोबा पेचकस घेऊन बोळात बसले, दिवा कमरेएवढ्या उंचीवर घ्यायला. सासूबाई हातपंपावरून मागच्या दारानं आल्या त्या घागर तशीच कमरेवर.

"हात लावशीन तं याद राख!"

"माय, तो पाय मोजते ना!"

"मोजू दे. मी आत्ताच साऱ्याईले सांगून आलो, आमच्या घरी एकशे एकोनसाठ जेवले. डब्यात आकडा हाये, ज्याले पाहाचं त्यानं येऊन पाहावं!"

आणि लोक खरंच बघायला आले. सासूबाई सगळ्यांना मागच्या दारानंच आणत होत्या, म्हणून आकडा एकोणसाठच दाखवत होता आणि पोटातले शंभर त्या तोंडी जोडत होत्या.

सोमवारी शाळेत गेले, तर बातमी माझ्याआधी पोचलेली. मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. "बाई, तुमच्याकडे खरंच एकशे एकोणसाठ?" मी म्हणजे अर्ध्या मार्कासाठी मुलींचा पेपर दुसऱ्यांदा तपासणारी, नियमांवर बोट ठेवणारी इंग्रजीची शिक्षिका. मी चष्मा पुसला, ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "हो बाई. यंत्रानंच मोजलेत." माणसं मोजली की पाय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत बसू नये, हे तर मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आले होते!